खटला हंसावर, परवानगी भिंतीला

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हंस मारायचे की नाही यावरून गेली कित्येक वर्षं जे रामायण चाललंय ते वाचलं की मला दोन्ही पार्ट्यांचा राग येतो. चित्रात दिसतो ना तो नारिंगी चोचीचा, मान वळवून बसलेला पांढराशुभ्र हंस, म्हणजे म्यूट स्वान, तो मुळात तिथला नाहीच. युरोप-आशियातला पक्षी, १९व्या शतकाच्या शेवटी शेवटी तिथल्या श्रीमंतांनी तळ्यात शोभेला म्हणून आणला, त्यातले काही सुटले आणि वाढतच गेले.

आणि हा काही गरीब बिचारा पक्षी नाहीये हां. मेरीलँड राज्यात १९६२ साली चेसापीक बे या मोठ्या खाडीच्या काठावर पाळलेले ५ हंस सुटले, १९९९ पर्यंत त्यांचे जवळपास ४००० झाले होते! एकेक हंस दिवसाला साडेतीन किलोपर्यंत पाणवनस्पती खातो आणि खातो म्हणजे मुळासकट उपटतो, ज्यात मासे आणि खेकड्यांची पिल्लं लपतात आणि थंडीत येणारी बदकं ज्यावर जगतात तेच गवत. १९९०च्या सुरुवातीला तर पिसं झडायच्या सीझनमधे शेकडो हंस एकाच जागी ठाण मांडून बसले आणि तिथे वाळूत अंडी घालणारे लीस्ट टर्न आणि ब्लॅक स्किमर (आपल्याकडचा पाणचिरा, त्याचा भाऊबंद) जागा सोडून गेले. त्यामुळे अंड्यांना तेल लावून ती उबूच द्यायची नाहीत किंवा सरळ संख्या कमी करायची, हे मला पटतं. २००४ला अमेरिकेने स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा बदलून परदेशी पक्ष्यांचं संरक्षण काढलं तेही बरोबरच होतं. मेरीलँडने मग मनावर घेतलं आणि हंस खरंच खूप कमी झाले.

पण पुढे काय? त्याच खाडीत शेतातलं खत आणि शहरांचं सांडपाणी येऊन पाणी इतकं गढूळ होतं की गवताला ऊनच मिळत नाही, आणि हे हंस वाढायच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. हंसाने उपटलेलं गवत दिसतं, खताने मारलेलं दिसत नाही, एवढाच फरक.

किनाऱ्याचं तर विचारूच नका. सॉल्टमार्श स्पॅरो नावाची एक चिमणी आहे, भरतीच्या दलदलीतल्या गवतात चिखलापासून जेमतेम काही इंचांवर घरटं करते. दोन मोठ्या उधाणांच्या मधे साधारण ४ आठवडे मिळतात, तेवढ्यात अंडी घालून पिल्लं बाहेर काढायची, नाहीतर घरटं पाण्यात. समुद्र वर चढायला लागला की दलदल खरं तर हळूहळू मागे सरकते, तिला तेवढी जागा लागते. पण मागे आहे बंगल्याची भिंत, रस्ता, पार्किंग. पुढून पाणी, मागून काँक्रीट, जाणार कुठे? १९९८ पासून या चिमण्या तीन चतुर्थांश संपल्यात आणि त्यात हंसाचा काडीचा संबंध नाही. पायपिंग प्लोव्हर (आपल्या चिखल्याच्या कुळातला) १९८६ पासून संरक्षित यादीत आहे, त्याला फक्त मोकळी वाळू हवी असते, आणि नेमकी तीच वाळू सी-व्ह्यूवाल्यांना हवी असते.

चोर सोडून संन्याशाला फाशी असं मी म्हणणार नाही, कारण हंस काही संन्यासी नाही, तोही चोरच. पण भुरटा. दरोडेखोर, म्हणजे किनाऱ्यावर काँक्रीटची भिंत घालणारा, बाजूला बसून परमिटवर सही घेतोय.

आणि हंसप्रेमी मंडळी! न्यूयॉर्क राज्याने २०१४च्या सुरुवातीला २०२५ पर्यंत सगळे रानटी हंस संपवायचा प्लॅन मांडला तर एवढी बोंबाबोंब झाली की प्लॅन मागे घेऊन बदलावा लागला, २०१६ला तर कायदाच झाला की आधी न मारता काय करता येईल ते बघा आणि जाहीर सुनावण्या घ्या. म्हणजे लोकांनी ठरवलं तर सरकार ऐकतं, हे सिद्ध झालंय. मग किनाऱ्यावरच्या भिंतीच्या परमिटची सुनावणी असते तेव्हा हीच मंडळी कुठे असतात? मेरीलँडमधे २००८ पासून कायदा आहे की शक्य असेल तिथे काँक्रीटऐवजी गवत लावून किनारा राखायचा. आता बाकीच्या राज्यांत असा कायदा मागायला किती जण सही करतात ते बघायचंय मला.