ब्रेकचं तेल आटत नसतं

पाऊस सुरू झाला की आमच्या गोव्यातल्या साखळी गावात दोन गोष्टी ठरलेल्या. वाळवंटी नदीचं पाणी चढतं आणि व्हॉट्सॲपवर ब्रेकचा तो मेसेज फिरायला लागतो. यंदा माझ्याच गॅरेजच्या तिघा गिऱ्हाइकांनी तो मला पाठवला, वर ‘मेस्त, खरं काय हें?’ म्हणून विचारलंही. मेसेजचा सारांश असा: पावसात पाणी लागून ब्रेक पेडल मऊ होतं, घाबरू नका. ब्रेक ऑइलच्या डबीतलं तेल कमी झालं असेल तर भरा, ब्रेक ऑइल मिळालं नाही तर इंजिन ऑइलही चालतं. पेडल दोन-तीनदा मारून वर आलं की गाडी ठीक. नाहीच जमलं तर पॅड बदला, तरीही मऊ तर बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) गेला समजा.

पाण्यापासून सुरुवात करू. डिस्क किंवा लायनर ओले झाले तर ब्रेक धरत नाही हे खरं, पण पेडल पायाला टणकच लागतं. पेडल कडक आणि गाडी पुढे सरकतेय, हे ओल्या ब्रेकचं लक्षण. सावकाश जाताना हलका ब्रेक धरून ठेवला की थोड्या वेळात वाळतो. पेडल स्पंजासारखं दबतंय, तर दुखणं वेगळं. तेल दाबलं जात नाही, हवा दबते. म्हणजे लाइनमध्ये हवा किंवा वाफ आहे, नाहीतर एखादा रबरी पाइप जुना होऊन दाबाने फुगतोय. मागच्या ड्रमातले शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे तुकडे) ढिले असतील तरी पेडल खोल जातं.

पाण्याचा संबंध आहे, पण मेसेजवाल्याला वाटतो तिथे नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं, त्याचा स्वभावच तो. मिठाचा डबा आषाढात उघडा राहिला तर काय होतं ते आपल्या घरच्या बायकांना विचारा. ब्रेक ऑइलच्या प्रती डॉटच्या आकड्याने ओळखतात. डॉट ४ तेल कोरं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं; त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच हद्द १५५ अंशांवर येते. डॉट ३ चं २०५ वरून १४०. आता बेळगावहून येताना चोर्ला घाट उतरा. गिअर वरचा, पाय सतत ब्रेकवर, केरीपर्यंत वळणावर वळण. कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा भाग, तापतो, त्यातलं तेल उकळतं, वाफ होते, आणि पेडल अचानक खाली जातं. खाली चहा पिऊन परत बसाल तोवर वाफ निवलेली असते, पेडल पुन्हा छान! म्हणून माणूस फसतो. अशी गाडी आली की मी आधी डबीचं झाकण उघडून तेलाचा रंग बघतो. नवं तेल फिकट पिवळसर असतं, या गाड्यांचं कोऱ्या चहासारखं निघतं. दर दोन वर्षांनी ते बदलायला बऱ्याच कंपन्या सांगतात. बदलून घेणारे किती, ते मी सांगत नाही.

तेल वर भरण्याबद्दल. ब्रेकचं तेल आटत नसतं. डबीतली पातळी दोनच कारणांनी उतरते: पॅड झिजून पिस्टन बाहेर आले, नाहीतर तेल कुठेतरी गळतंय. पहिल्यात भरायची गरजच नाही. भरलंत आणि नवे पॅड घालताना पिस्टन मागे ढकलले, तर ते डबीतून ओसंडून बोनेटखालचा रंग खातं. दुसऱ्यात भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी. चाकांच्या आतल्या बाजूला आणि ड्रमच्या मागे हात फिरवा. पेडलच्या वर, बूस्टरला जोडलेल्या दांड्याजवळ, बॅटरी मारून बघा. बोट चिकट आलं की गाडी तिथेच ठेवा.

इंजिन ऑइलचा सल्ला लिहिणाऱ्याला एकदा समोर बसवून ब्रेकच्या रबरांचं किट बदलायला लावलं पाहिजे. ब्रेकमधली रबरं खनिज तेलात फुगतात, आणि मग मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की तेलाला दाब देणारा), कॅलिपर, व्हील सिलिंडर, पाइप, सगळंच जातं. डबीच्या झाकणावर डॉटचा आकडा लिहिलेला असतो, तेच घाला, सीलबंद बाटलीतलं. गेल्या वर्षीची अर्धी बाटली नको.

पंप केल्यावर पेडल वर येणं ही दुरुस्ती नव्हे, ती तपासणी आहे. वर येऊन टणक झालं तर हवा आहे किंवा शू ढिले आहेत. इंजिन चालू ठेवून पेडल एकसारखं दाबून धरा. हळूहळू खाली बसत गेलं आणि बाहेर कुठे गळती नाही, तर मास्टर सिलिंडरची रबरं आतून तेल सोडतायत. बूस्टरचा दोष देणं तर उलटंच आहे. तो गेला की पेडल दगडासारखं होतं.

हवा काढायचं काम दोघांचं. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल, म्हणजे चाकाजवळचा हवा सोडायचा स्क्रू, ढिलं करून बंद करायचं, मगच पाय उचलायचा. निपलला पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या तेलात. सोड्यासारखे बुडबुडे दिसतात. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. नाहीतर मास्टर सिलिंडरचा पिस्टन कधी न गेलेल्या गंजक्या भागात जातो आणि रबर कापतं. एबीएसच्या (ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये हवा शिरली असेल तर बऱ्याच गाड्यांना स्कॅनर लावावा लागतो. किनाऱ्याकडच्या गाड्यांची निपलं खाऱ्या हवेने धरलेली असतात, आदल्या रात्री त्यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, पान्याने जोर केलात तर तुटून हातात येतात.

आता पॅड. गेल्या महिन्यात वाळपईहून एक गाडी आली. दुसऱ्या गॅरेजात पुढच्या ब्रेकचं काम झालेलं, नंतर तीनदा हवा काढलेली, पेडल मऊ ते मऊच. मेसेज वाचून मालकाने पॅडही दुसऱ्यांदा नवे घातले. मी चाक काढलं, तर निपल कॅलिपरच्या तळाशी! डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवलेला. हवा वर जमते, खालच्या भोकातून ती निघणार कशी? कॅलिपर आपापल्या बाजूला लावले, हवा काढली, आणि पेडल अर्ध्यातच टणक थांबलं. मालक खिडकीतून वाकून म्हणाला, ‘मेस्त, जुने पॅड परत घालशील? ते अजून बरे होते.’