अपील करूक व्हया!

मालवणात खानावळ चालवायची म्हणजे बांगडा ताजा आहे की नाही एवढंच बघायचं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा माझ्या हातात पडलेली नोटीस वाचावी. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, 2006, कलम 32, म्हणजे सुधारणेची नोटीस. त्रुटी : परवाना दर्शनी भागात नाही (आहे की! फक्त गणपतीच्या फोटोच्या हारामागे), खिडकीला जाळी नाही, गटाराला झाकण नाही, कामगारांचे वैद्यकीय दाखले नाहीत आणि स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीच्या डोक्यावर टोपी नाही.

ती व्यक्ती म्हणजे माझी काकी. तिरफळं चेचता चेचता तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "केस गळूक आधी डोक्यार असाक व्हये मा!" मुद्दा बिनतोड, पण कायद्यात विरळ केसांना सवलत नाही.

सुधारणा केली नाही तर परवाना निलंबित, तरीही नाही केली तर रद्द. शिवाय अस्वच्छ जागेत अन्न शिजवल्याबद्दल कलम 56 खाली 1 लाखापर्यंत दंड, तो वेगळाच. भांडी, बाकडी आणि फ्रीज विकले तरी एवढे येणार नाहीत. दंड ठरवताना कसूर करणाऱ्याला किती फायदा झाला तेही बघायचं, असं कलम 49 म्हणतं. हे वाचून जरा जीवात जीव आला. आमची वही उघडली तर सरकारलाच खिशात हात घालावा लागेल.

एवढ्यात आबा आले. आबा रोज दुपारी जेवायला येतात आणि कोर्टाचा विषय निघाला की भात परत मागतात.

"अपील करूक व्हया!"

मी त्यांना कायदा वाचून दाखवला. दंडाविरुद्ध अपील न्यायाधिकरणाकडे, तिथे 30 दिवस. नोटिशीविरुद्ध अन्न सुरक्षा आयुक्तांकडे, म्हणजे मुंबईला, आणि त्यांचा निर्णय अंतिम. मुदत 15 दिवस, किंवा नोटिशीत सुधारणेला दिलेली मुदत, यांतली जी आधी संपेल ती. नोटिशीत किमान 14 दिवस द्यावेच लागतात, आम्हाला बरोबर तेवढेच मिळाले होते. म्हणजे पंधरावा दिवस कायद्यात छापलेला, पण आमच्या वाट्याला नाही.

आबांचा घास हातातच राहिला. "चौदा दिवस? ह्येका काय अपील म्हणतत? आमचो कुंपणाचो दावो माज्या बापाशीन घातल्यान, अजून तारखो पडतत!" वर निर्णय अंतिम, हे तर त्यांना फारच लागलं. पुढे जायला कोर्टच नाही, मग माणसाने जगायचं कशाच्या आशेवर?

वकिलाची फी विचारली आणि जाळीवाल्याला बोलावलं. परवाना हारातून सुटून गल्ल्याच्या वर आला. सगळे जाऊन दाखले घेऊन आलो. काकीने टोपी घातली, पण पदराच्या वरून, त्यामुळे ती आता लग्नातल्या करवलीसारखी दिसते आणि गिऱ्हाइकांना वाढायला बाहेर येत नाही.

आबांना हे अजिबात आवडलेलं नाही. गवंडी गटाराशी बसला होता तेव्हा सोलकढीची वाटी घेऊन ते त्याच्याजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "ह्या झाकाण तेवढा बसवू नको रे. पुढच्या खेपेक अपील करूक गावतला."