परदेशातलं चलान आणि आपली लोक अदालतीची सवय

आज आमच्या खारघरच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकाने बिनधास्त सल्ला दिला, "इटलीचं चलान ना? फाडून टाका. इथे कोण येतंय वसूल करायला!" विचारणारे काका-काकू साठीच्या पुढचे. मागच्या वेळी फ्लॉरेन्समध्ये भाड्याची गाडी घेऊन झेडटीएलमध्ये, म्हणजे परवान्याशिवाय बंदी असलेल्या जुन्या शहरात शिरले. आता लेकीकडे मिलानला परत जायचंय. धडधडीत चुकीचं सांगताना काहीच कसं वाटत नाही?

आपल्याकडे ई-चलान साठवायचं आणि लोक अदालतीत सूट मिळाली की भरायचं, ही रीत. इटलीत सगळं उलटं. पत्र हातात पडल्यापासून ५ दिवसांत भरलं तर ३० टक्के कमी, ६० दिवसांपर्यंत मूळ रक्कम, पुढे दुप्पट. झेडटीएलचा दंड ८३ युरो धरा: लगेच भरला तर ५८.१०, उशिरा १६६. टपालाचा आणि कारवाईचा खर्च वेगळा.

"पण कार्डावरून तेव्हाच पैसे कापले होते," असं काका म्हणतात. अहो, तो दंड नव्हताच! गाडी कोणाकडे होती हे पोलिसांना कळवण्याची ती भाड्याच्या कंपनीची फी. दंडाचं पत्र मागून येतं. परदेशी पत्त्यावर कळवायला त्यांना ३६० दिवस असतात. म्हणून सहल विसरल्यावर पाकीट येतं आणि घरात सगळ्यांना ते बनावट वाटतं.

विमानतळावर कोणी विचारलं नाही म्हणणारे असतील. असू देत. हा दंड प्रशासकीय आहे, फौजदारी नाही, हेही खरं. पण वसुलीची मुदत ५ वर्षं, आणि मधे नवी नोटीस मिळाली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. शिवाय 'फाडून टाका' हाच मंत्र उद्या कोणी स्वित्झर्लंडला लावेल. तिथे न भरलेल्या दंडाचे कैदेचे दिवस होतात! अमेरिकेत कोर्टाची तारीख चुकवली तर न्यायाधीश वॉरंट काढू शकतो.

काकू, तुम्ही मात्र घाबरू नका. काम दोन ईमेलचं आहे. पत्रावर 'वर्बाले'चा, म्हणजे दंडाच्या नोंदीचा नंबर, गाडीचा नंबर आणि तारीख असते. भाड्याच्या करारावरच्या नंबराशी ते जुळवा. पत्रातली लिंक न उघडता फ्लॉरेन्स महापालिकेची वेबसाइट स्वतः शोधा आणि तिथल्या पोलिसांना विचारा: आज नेमके किती बाकी? जुना आकडा भरू नका, कमी पडलेली रक्कम थकबाकी म्हणून उभी राहते. साइटवर कार्डाने भरता आलं तर उत्तम. बँकेतून पाठवलंत तर फॉर्मवर 'ओयूआर' निवडा, म्हणजे बँकांचे चार्जेस तुमच्याकडून जातील आणि तिकडे पूर्ण रक्कम पोचेल. कारणाच्या रकान्यात वर्बालेचा नंबर हवाच, नाहीतर पैसे पोचूनही दंड उभाच. पावतीची एक प्रत मोबाइलमध्ये, एक कागदावर.

आणखी कोणाकडे असं पत्र पडून असेल तर त्याचा फोटो कमेंटमध्ये टाकू नका, त्यावर पत्ता आणि लायसन्सचा तपशील असतो. इनबॉक्स करा.