श्रीमंतांच्या पार्ट्यांपुरतं नाही हे
तुमच्या लेखात मेथॅम्फेटामिन या झोप-भूक मारणाऱ्या अमली पदार्थाला 'पार्टीतल्या पोरांचं व्यसन' म्हटलंय, ते मला पटलं नाही. बँकॉकजवळच्या एका कापड गिरणीत मी सहा वर्षं नोकरी केली. तिथे त्याची गोळी कष्टकऱ्यांच्या खिशात असायची. ट्रकवाले, मच्छीमार, रात्रपाळीचे कामगार. आधी तिचं नाव 'या मा', म्हणजे घोड्याचं औषध. घोड्यासारखं राबता येतं ना! १९९६ मध्ये तिथल्या आरोग्यमंत्र्यांनी ते बदलून 'या बा', वेडाचं औषध, असं केलं.

आमच्या गिरणीतला एक ड्रायव्हर ती घ्यायचा. गुलाबी-नारिंगी, शर्टाच्या बटणाएवढी, वर 'डब्ल्यूवाय' कोरलेलं. चंदेरी कागदावर ठेवून खालून लायटर धरायचा आणि धूर ओढायचा. दोन-दोन दिवस झोप नाही, जेवण नाही. वर्षभरात गालफडं बसली, मग कुणीतरी पाठलाग करतंय असं वाटायला लागलं. चांगला माणूस होता हो, मुलीच्या फीसाठी जादा फेऱ्या मारायचा.

२००३ मध्ये थायलंडच्या सरकारने अमली पदार्थांविरुद्ध 'युद्ध' पुकारलं, तीन महिन्यांत दोन हजारांवर माणसं मेली. गोळ्या थांबल्या का? म्यानमारच्या शान प्रांतातून आजही येतातच.

आणि आपण नामानिराळे नाही. हे बनवायला लागणाऱ्या इफेड्रिन या रसायनाचा मोठा साठा २०१६ मध्ये आपल्या सोलापूरजवळच सापडला होता. लेखात त्याचा उल्लेख हवा होता.