पांढऱ्या तळ्याकाठचं साटंलोटं

फिनलंडमध्ये भावाकडे, हेलसिंकीला लागून असलेल्या एस्पोला, तीन आठवडे राहून आले. "सांता क्लॉजला भेटलीस का?" असं आतापर्यंत चौघांनी विचारलंय. नाही भेटले. त्याऐवजी हेलसिंकीपासून तीसेक किलोमीटरवर, किर्क्कोनुम्मीच्या रानात एक जुनं घर बघितलं आणि अजून त्याच्याशी मनात भांडतेय.

घराचं नाव व्हिट्रेस्क, म्हणजे स्वीडिशमध्ये पांढरं तळं. हर्मन गेसेलियस, आर्मस लिंडग्रेन आणि एलिएल सारिनेन या तिघा आर्किटेक्टांनी १८९६ मध्ये भागीदारीत ऑफिस काढलं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनातला फिनलंडचा मंडप यांचाच. नाव झालं, तशी त्यांनी तळ्यावरच्या टेकाडाची जागा घेतली आणि १९०१ ते १९०३ मध्ये तिथे आपली घरं आणि ऑफिस बांधलं. पुढे जे झालं त्याला आपल्याकडे साटंलोटं म्हणतील. १९०४ मध्ये एलिएलची पहिली बायको माथिल्डा हिने गेसेलियसशी लग्न केलं आणि एलिएलने गेसेलियसची बहीण लोया हिच्याशी. अंगण तेच, माणसं तीच! लिंडग्रेन मात्र १९०५ मध्ये भागीदारीतून बाहेर पडला. मी त्याला दोष देणार नाही.

आत शिरलं की पहिली मोठी खोली. ओंडक्यांच्या भिंती, भलीमोठी शेकोटी, आणि एका बाकावर फिनिश चित्रकार गॅलन-कॅलेलाच्या डिझाइनचा 'ज्वाला' नावाचा लोकरी गालिचा. तो भिंतीवरून उतरतो, बाक झाकतो आणि तसाच पुढे जमिनीवर सांडतो. भिंत, गादी आणि सतरंजी एकाच कापडात! मी त्याच्यासमोर पंधरा मिनिटं उभी. हात लावायची परवानगी नाही, म्हणून हात पाठीमागे धरून.

आता भांडण. या घराला फिनिश राष्ट्रीय शैलीचा नमुना म्हणतात. तेव्हा देश रशियन साम्राज्यात, १८९९ च्या जाहीरनाम्याने झारने स्वायत्तता कापायला घेतलेली, त्यामुळे 'आपलं' काहीतरी दाखवायची घाई समजते. पण घराचं नाव स्वीडिश, ओंडक्यांची कल्पना पूर्वेकडच्या करेलिया प्रांतातल्या खेड्यांतली, दगडाचा थाट मध्ययुगीन चर्च-किल्ल्यांचा, आणि वर इंग्लंडमधल्या हस्तकला चळवळीची फोडणी. शहरी पोरांनी जंगलात मांडलेली भातुकलीच की ही! मी स्वतः पुण्यात इंटिरियरची कामं करते. 'वाडा लूक पाहिजे' म्हणणारे क्लायंट मला नवे नाहीत. मग तिकडे ती राष्ट्रीय शैली आणि इकडे तो देखावा, असं का?

भावाचं म्हणणं, ते लोक तिथे राहिले, रोज कामाला बसले, थंडीत कुडकुडले, हाच फरक. मला ते पुरतं पटत नाही. राहिल्याने खोटं खरं होत नाही. मला पटली ती दुसरी गोष्ट. १९०४ मध्ये हेलसिंकी रेल्वे स्टेशनची स्पर्धा एलिएलने याच धाटणीच्या आराखड्यावर जिंकली. दगडी अस्वलं वगैरे होती त्यात. तरुण आर्किटेक्टांनी जाहीर टीका केली, आणि यानं आराखडा बदलला. अस्वलं गेली. १९१९ मध्ये उघडलेलं स्टेशन पाहिलं तर दोन्ही एकाच माणसाची कामं वाटत नाहीत. इतक्या कौतुकानं बांधलेल्या घरात बसून, त्याच घराची शैली मोडीत काढायची! याला मी मानते.

स्टुडिओ लांबच लांब, तळ्याकडे खिडक्या. एलिएलचा १९१० मध्ये जन्मलेला मुलगा एरो लहानपणी इथल्याच टेबलांखाली खेळला असणार. हाच पुढे अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या कमानीचा आराखडा करणारा एरो सारिनेन. शिकागो ट्रिब्यून या वृत्तपत्राच्या इमारतीसाठीच्या स्पर्धेत एलिएलला १९२२ मध्ये दुसरं बक्षीस मिळालं आणि १९२३ मध्ये सगळं कुटुंब अमेरिकेला गेलं. तिथे बापलेकांच्या मित्रमंडळात डिझायनर चार्ल्स ईम्स होता, ज्याने रे ईम्सबरोबर १९५८ मध्ये आपल्या सरकारला अहवाल दिला, त्यात पितळी लोट्याचं गुणगान केलं आणि त्यातून अहमदाबादची एनआयडी ही डिझाइन शिकवणारी संस्था उभी राहिली. म्हणजे त्या टेबलाखालून एक धागा आपल्या लोट्यापर्यंत येतो. जरा ताणलाय, पण येतो.

उतरणीच्या पायऱ्यांनी तळ्यापर्यंत गेलो. पाणी पांढरं अजिबात नव्हतं, काळंभोर होतं. तिथेच क्लायंटचा मेसेज आला: 'मॅडम, खांब फायबरचेच घेऊ, हलके पडतात.' सोबत तीन फोटो. अजून उत्तर दिलेलं नाही.