इमिजिएट जॉइनर

नोकरीच्या जाहिरातीत ठळक अक्षरांत असतं : 'इमिजिएट जॉइनर हवा.' आता उद्या सकाळी येऊन बसायला जो मोकळा आहे, तो आज घरीच बसलेला असणार, हे सरळ आहे. पण मुलाखतीला गेलं की रेझ्युमेवरून फिरणारं बोट नेमकं तिथंच थांबतं. "मधे गॅप दिसतोय."

दिसतो. मलाही दिसतो. आरशात रोज दिसायचा.

"या काळात काय करत होतात?" या प्रश्नाचं खरं उत्तर 'नोकरी शोधत होतो' एवढंच आहे आणि तेवढंच चालत नाही. हितचिंतक म्हणतात, 'फ्रीलान्स कन्सल्टिंग' सांग. मी ज्यांना सल्ले दिले त्यांनी ते फुकटातही घेतले नव्हते. आजारपण सांगावं, तर "आता बरे आहात ना?" असं विचारताना समोरचा मनात माझ्या पुढच्या रजा मोजत असतो.

एका जाणकाराने महिने गाळून नुसती सालं लिहायला सांगितली. जानेवारी २०२२ मध्ये सोडलेली नोकरी आणि डिसेंबर २०२३ मध्ये धरलेली नोकरी कागदावर '२०२२ पर्यंत' आणि '२०२३ पासून' अशी गळ्यात गळा घालून उभी राहते. जवळजवळ दोन वर्षं गायब! युक्ती नामी आहे, पण ऑनलाइन फॉर्म महिना भरल्याशिवाय पुढे सरकत नाही आणि त्यातूनही निसटलात तर रिलीव्हिंग लेटर मागतातच.

लिंक्डइनने २०२२ साली प्रोफाइलवर 'करिअर ब्रेक' लिहायची सोय केली. कारणांची यादीही दिली : प्रवास, आजारी माणसाची देखभाल, समाजसेवा... 'कोणी घेतलंच नाही' हा पर्याय मी दोनदा वर-खाली करून शोधला.

बरं, माणसापर्यंत पोचलो हेच नशीब. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि अ‍ॅक्सेंचर यांच्या २०२१ च्या अहवालानुसार, मध्यम कौशल्याच्या जागांसाठी पाहणीतल्या सुमारे निम्म्या कंपन्या सहा महिन्यांहून मोठा गॅप असलेले अर्ज संगणकाच्या चाळणीतच गाळतात. आइनस्टाइनने १९०० साली पदविका घेतली आणि धड नोकरी लागली १९०२ मध्ये, बर्नच्या पेटंट ऑफिसात. मधे शिकवण्या आणि हंगामी मास्तरकी. संगणकाने त्यालाही रात्री दोन वाजता 'आपल्या उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा' पाठवल्या असत्या.

परवाच्या मुलाखतीत शेवटी नेहमीचं विचारलं, "तुम्हाला काही विचारायचंय?"

"ही जागा कधीपासून रिकामी आहे?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. "वर्ष होत आलं," मधल्या बाई म्हणाल्या.

"एवढा गॅप?"

"मनासारखा उमेदवार मिळत नव्हता."

"माझंही तेच झालं, मॅडम. मनासारखी कंपनी मिळत नव्हती."

"कळवतो," डावीकडचे म्हणाले.