पार्वतीची दाढी

भाच्याला हिंजवडीत नोकरी लागली आणि घर मिळेपर्यंत म्हणून तो मित्राला घेऊन आमच्याकडे उतरला. त्या 'मिळेपर्यंत'ला आता सहा आठवडे झालेत. रविवारी कळलं, दोघांनी 'अशी ही बनवाबनवी' पाहिलेलाच नाही. रील्समध्ये तुकडे पाहिलेत म्हणे. म्हणजे न जेवताच ढेकर!

लगेच लावला. आमच्या घरी हा सिनेमा बघायचा नसतो, म्हणायचा असतो. अशोक सराफने तोंड उघडायच्या आत मी वाक्य म्हणतो आणि चुकलो की स्वयंपाकघरातून बायको दुरुस्त करते.

भाचा मात्र दर दहा मिनिटांनी पॉज दाबायला लागला. "मामा, घर मिळावं म्हणून हा सचिन आणि हा लक्ष्या, म्हणजे ती पार्वती, साड्या नेसून मित्रांच्या बायका झालेत, वर मुलींच्या मैत्रिणी होऊन बसलेत आणि मुलींना पत्ताच नाही. क्रीपी आहे हे."

"विनोद आहे रे तो."

"आणि अशोक सराफचा माने बॉसच्या प्रेमात? एचआर काय करतंय?"

"मालकीणच ती. एचआरही तीच!"

निदान त्या बॉसच्या लिंबू रंगाच्या साडीला तरी हसतील म्हणून आशेनं पाहिलं, तर मित्र विचारतो, लिंबू म्हणजे नेमका कुठला यलो?

मुलींचा मुद्दा मला खोडता आला नाही, हे आपल्यातच ठेवा. १९८८ पासून मी सचिन आणि लक्ष्या पकडले जातील का, याच काळजीत आहे. सुप्रियाच्या जागी बसून सिनेमा बघावा, हे काही कधी सुचलं नाही.

पण सुधीर जोशींचे घरमालक सरपोतदार आले की दोघं सरसावून बसत. "सेम आमचा ओनर!" तो प्रसंग मागे नेऊन पुन्हा पाहिला. बॅचलर नको, नॉनव्हेज नको, दहानंतर पाहुणे नकोत, हे सगळं ऐकून झालेली पोरं ती. सरपोतदारांचे ७० रुपये 'वारले' तेव्हा मी गडगडाट केला. भाचा गप्प. त्याचे ब्रोकरला दिलेले टोकनचे ५,००० नुकतेच वारले होते.

काल ब्रोकरचा फोन आला. वारज्यात टू बीएचके आहे, पण नवराबायकोच हवेत.

भाचा मित्राकडे बघत राहिला. मित्रानं दाढीवर हात ठेवला. "दोन वर्षं लागलीत हिला. जमणार नाही."

तोवर बायको कपाटातून लिंबू रंगाची साडी काढून दारात उभी होती.